फागण्याच्या पुढचे आप्पा

जळगावच्या कोणत्याही कॉलनीत सकाळी साडेपाचचा गजर लावावा लागत नाही. आप्पा घसा खाकरतात. नळावर जीभ घासताना निघणारा तो आवाज तीन गल्ल्या ओलांडून जातो आणि कॉलनीला दोन बातम्या देतो: दिवस उजाडला, आणि आप्पा आहेत.

उरलेला दिवस ओट्यावर. अंगात बनियन. त्याचा मूळ रंग पांढरा असावा असं मानायला जागा आहे. खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, आणि तिची नाडी कायम हवा खायला बाहेर आलेली. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा बनियनही जातं आणि आप्पा कूलरसमोर हात वर करून उभे राहतात. त्या खोलीत तेव्हा त्यांच्या पत्नी माई असतात, याची नोंद कुणी घेत नाही. वात्स्यायनाने रसिक नागरकाला रोज आंघोळ, चौथ्या दिवशी दाढी आणि काखेतला घाम सतत टिपणं नेमून दिलं आहे. पण त्या बिचाऱ्याने जळगावचा मे पाहिला नव्हता, असं आप्पांच्या वतीने म्हणता येईल.

कान कोरायला मोटरसायकलची किल्ली. दात कोरायला माईंच्या बांगडीतली सेफ्टी पिन. ती ते रीतसर मागून घेतात, काम उरकतात आणि प्रामाणिकपणे परत देतात. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली तेव्हा आप्पांनी कायद्याचा मान राखला. तंबाखू-चुना मात्र तळहातावर आधीपासून होताच, तो तिथेच राहिला. हिवाळ्यात बामणोदची वांगी येतात. पऱ्हाट्यांवर भाजायची, हिरवी मिरची आणि लसूण घालून बडगीत ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा. हे सगळं पोटात गेल्यावर आप्पा माईंकडे तोंड करून एक दीर्घ ढेकर देतात आणि विचारतात, “एवढ्या लांब का बसली?”

तरी माईंना विचाराल तर ढेकर, तंबाखू ही किरकोळ प्रकरणं. खरा त्रास वेगळाच. माई काही सांगायला लागल्या की आप्पा मोबाइलमधून डोकं न काढता “हं” म्हणतात. गोष्ट रंगात आली की शेवट स्वतःच सांगून टाकतात, तोही चुकीचा. वर, “तुला काय समजते त्यातलं?” लग्नात सराफा बाजारातून सोनं घातलं होतं, वाटीहार घातला होता, जळगावचं सोनं, कस लावून घ्या. तेव्हा नवरा म्हणून आपला कस पुन्हा पुन्हा कशाला लावायचा, हा आप्पांचा हिशेब.

माणसाला आपल्या सवयी कळत नाहीत, असं म्हणून आप्पांना सोडून देता आलं असतं. पण त्यांची लेक धुळ्याला दिली आहे.

जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर. आप्पा ड्रायव्हरशेजारी न बसता मागे, माईंच्या बाजूला बसतात. पाळधीपर्यंत सगळं नेहमीसारखं. एरंडोलला तंबाखूचा शेवटचा बार बाहेर जातो. पारोळ्याला गाडी थांबवून खळखळून चूळ भरतात, वर बडीशेप. मुकटीच्या आसपास इस्त्रीचा शर्ट अंगावर चढतो. तो हँगरला लटकत आलेला असतो. फागण्याला कंगवा, अत्तराचा फाया, आणि माईंना प्रश्न: “ठीक दिसू राहिलो ना?” धुळ्यात व्याह्यांच्या दारात जो माणूस उतरतो, त्याला माईंनी चौतीस वर्षांपूर्वी होकार दिला होता.

व्याह्यांकडे आप्पा शेवभाजीचा रस्सा आवाज न करता खातात. ढेकर आलाच तर रुमालात मुरवतात. विहीणबाई आपल्या गुडघ्यांची कहाणी सुरू करतात आणि आप्पा मोबाइल खिशात ठेवून ती पहिल्या गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत ऐकतात. मध्ये विचारतात, “मग डॉक्टर काय म्हणले?” माईंना स्वतःचेही गुडघे आहेत. त्या ऐकत असतात.

“याही त भलता टापटीप सेत, माय!” विहीणबाई कौतुकाने म्हणतात.

“हो ना,” माई म्हणतात, “धुळ्यात फार छान असतात.”

परतीचा प्रवास त्याच रस्त्याने, उलट क्रमाने. फागण्याला शर्टाची वरची दोन बटणं उघडतात. पारोळ्याला व्याह्यांकडे दाबून ठेवलेलं सगळं मोकळं होतं. ड्रायव्हर काच खाली करतो. एरंडोलला पुन्हा पुडी. पाळधीला माई गुडघ्याचं काही बोलू लागतात आणि शेजारून “हं” येतं.

यंदा मात्र माईंनी परस्पर धुळ्याला व्याह्यांना फोन केला. भरिताचा मोसम आहे, दोघंही इकडेच या, आणि दोन दिवसांसाठी येऊ नका. आप्पांना हे कळलं तेव्हा ते ओट्यावर तंबाखू मळत होते. अंगठा थांबला.

“म्हणजे किती दिवस?”

“आठ तरी.”

“आठ दिवस? घरात? शर्ट घालून?”

“आणि भरीत रोज,” माई म्हणाल्या. “ती किल्ली द्या इकडे, धुऊन ठेवते.”