बटणावरची चिकटपट्टी

वाकडच्या नवव्या मजल्यावर एका टूबीएचकेत हॉलमधल्या बटणावर आडवी चिकटपट्टी मारलेली आहे. तिच्यावर मार्करने लिहिलंय, ‘बंद करू नये.’ लिफ्टचं नव्हे, पाण्याच्या मोटारीचंही नव्हे, साध्या दिव्याचं बटण. दिवा स्मार्ट झाला, म्हणून बटण सक्तीने निवृत्त झालं.

घरमालक फाउंडर आहेत. काय स्थापन केलंय, हे विचारायचं नसतं; सध्या पिव्होट चालू आहे.

घरात असे ११ बल्ब आहेत. ते बसवायला फाउंडरचा अख्खा रविवार गेला. फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवर आणि बल्बाला कळतं फक्त २.४. म्हणजे एकाच घरातल्या, एकाच राउटरच्या दोन वाय-फायमध्ये दुपारपर्यंत सोयरीक जुळेना. शेवटी बल्बाने जोडणीसाठी लुकलुकावं म्हणून काय करावं लागतं? भिंतीवरचं बटण पटापट चालू-बंद, चालू-बंद, मॉडेलप्रमाणे तीन ते पाच वेळा. ज्याला कायमचं घरी बसवायचं, त्याच्याच पाया पडून कारभाराला सुरुवात. काम झालं आणि त्याच हाताने त्याच्या तोंडावर चिकटपट्टी मारली.

मग ॲप. ॲपला मोबाइल नंबर हवा, ओटीपी हवा, लोकेशन हवं. दिव्याला घराचा पत्ता कशाला? तो घरातच टांगलाय! याला तांत्रिक उत्तर आहे, तेही सांगून टाकू : आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायची तर अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्या लोकेशनची परवानगी मागत असत. ठीक. पण जन्मतारीख? बल्ब वाढदिवसाला केक घेऊन येणार आहे का? शंभराच्या आसपास मिळणाऱ्या साध्या एलईडीने आजवर कुणाची जन्मतारीख विचारली नाही. तो मुकाट पेटत होता, मुकाट जात होता, आणि गेला की कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरा मिळत होता.

मे महिन्यात साताऱ्याहून आत्या आली. तिला साठ वर्षांची सवय : खोलीतून बाहेर पडताना हात आपोआप बटणाकडे जातो. ही सवय तिच्या पिढीने वीजबिलाच्या धाकाने लावून घेतली आणि पोरांनाही रट्टे देऊन लावली. चिकटपट्टी तिने पोराटोरांची चिकटवाचिकटवी समजून नखाने सोलली आणि बटण बंद केलं. हिंजवडीत मीटिंगमध्ये बसलेल्या फाउंडरच्या फोनवर संदेश आला, ‘डिव्हाइस ऑफलाइन’.

“आत्या, तू हॉलचं बटण बंद केलंस का?”

“केलं की. कुणी नव्हतं तिथे.”

“अगं, ते बंद नाही करायचं. बंद केलं की दिवा बंद होतो.”

“अरे बाबा, मग मला दुसरं काय करायचं होतं?”

या प्रश्नावर मीटिंगमध्ये कुणाकडेच स्लाइड नव्हती. संध्याकाळी फाउंडरने आत्याला स्मार्ट स्पीकरशी बोलून दिवा लावायला शिकवलं. रात्री ती स्पीकरसमोर उभी राहून म्हणाली, “दिवा मालव रे बाबा.” घरातला दिवा विझव म्हणू नये, हे तिच्या आईने शिकवलेलं. स्पीकरने तिला जवळपासची मालवणी जेवणाची हॉटेलं वाचून दाखवली.

बंद असतानाही हा बल्ब झोपत नाही, हे फाउंडरांच्या पिच डेकमध्ये नसतं. फोनची हाक ऐकायला तो अंधारात जागा असतो. या जागरणाचा अर्धा वॅट धरा. ११ बल्ब, २४ तास, ३६५ दिवस. वर्षाला ४८ युनिटं निव्वळ वाट बघण्यात. आत्याने आयुष्यभर बटणं बंद करून जे वाचवलं, ते भाचा दिव्यांना जागं ठेवून उधळतोय.

आणि मग ती वळवाची रात्र. अकराला वीज गेली. जनरेटर फक्त लिफ्टला. तीन वाजता वीज आली आणि ११ बल्ब एकदम, पूर्ण ताकदीने, ऑपरेशन थिएटरसारखे पेटले. बिघाड नव्हे, अशा अनेक बल्बांची कारखान्यातून आलेली रीतच ती : वीज परतली की आधी पेटायचं. भिंतीवरचं बटण बंद असतं तर अंधार राहिला असता. पण त्या बटणाचं तोंड नव्या चिकटपट्टीने बांधलेलं. इंटरनेट अजून आलं नव्हतं, म्हणून ॲपही ऐकेना. आत्या उठली, दिव्याला हात जोडले आणि नळाला पाणी आलंय का बघायला गेली. फाउंडर चादरीत डोकं खुपसून ॲपवर ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबत राहिला.

यावर कुणी हसत असेल तर ऑक्टोबर २०१६ आठवावा. घरोघरचे कॅमेरे आणि राउटर, कारखान्यातून आलेला पासवर्डही न बदललेले, मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने फितवले आणि त्यांच्या फौजेने अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास आडव्या केल्या. भिंतीवरच्या बटणाला फितवायचं तर चोराला निदान नऊ मजले चढून यावं लागतं.

बरं, एवढं सगळं कशासाठी? तर अंथरुणातून उठायला लागू नये म्हणून. अरे, जुन्या वाड्यांत उशाशी वायरीला लोंबणारा काळा बेडस्विच होता ना! जिन्यात खाली एक आणि वर एक अशी टू-वे बटणं कोणताही वायरमन आजही बसवतो, तीही ओटीपी न मागता. अंधारात चाचपडत हात गेला की ‘टक’ आवाज होई आणि काम झालेलं असे. त्या ‘टक’ला सबस्क्रिप्शन नव्हतं, अपडेट नव्हता, आणि ते विकणारी कंपनी बुडाली म्हणून कुणाचं घर अंधारात गेलं नव्हतं.

आत्या जूनमध्ये साताऱ्याला परतली. जाण्याआधी सोसायटीच्या वायरमनला बोलावून तिने आपल्या खोलीत साधा बल्ब आणि उशाशी एक बटण लावून घेतलं. हल्ली रात्री फाउंडर त्याच खोलीत झोपतो. हॉलमध्ये स्मार्ट दिवे लावणाऱ्यांना एकच विनंती : चिकटपट्टी चांगली घ्या, स्वस्तातली पावसाळ्यात सुटते.