आपल्यात कसला कागद?

दोन सिव्हिल इंजिनिअर भागीदारीत उतरले की आधी नाव ठरते, मग लोगो, मग व्हिजिटिंग कार्ड. करारनामा मात्र ‘आपल्यात कसला कागद?’ म्हणून राहून जातो. मातीची तपासणी झाल्याशिवाय पाया न खोदणारी हीच मंडळी! १९३२ चा भागीदारी कायदा एवढा भाबडा नाही. करारात काही ठरले नसेल तर नफा समान, मग एकजण साइटवर उन्हात असो नि दुसरा एसीत. देणी मात्र प्रत्येकाच्या डोक्यावर पूर्ण रकमेची. विश्वास आहे ना, असे कोणी म्हणेल. असू दे की! पण फर्मची नोंदणीच नसेल, तर ठेक्याच्या थकलेल्या बिलासाठी मालकावर दावा लावता येत नाही. आणि बिल थकणार, हे तर टेंडर भरतानाच ठाऊक असते.