धुकं कसं छापावं : नवशिक्यांसाठी

हिरोशिगे या जपानी चित्रकाराने १८३३-३४च्या सुमारास एदो ते क्योतो रस्त्यावरच्या ५३ मुक्कामांची लाकडी ठशांनी छापाचित्रं केली. दोन्ही टोकं धरून ५५. तुम्ही एवढ्या खटाटोपात पडू नका. ठाणे ते कल्याण स्लो लोकलची आठच स्टेशनं आहेत. त्यातलं मुंब्रा घ्या. एकीकडे डोंगर, दुसरीकडे खाडी, मधून रूळ. थंडीतल्या सकाळी खाडीवर धुकं उतरतं. रसायनांच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्या डोंबिवलीकरांनी मात्र समोर दिसतंय ते धुकंच आहे ना, हे आधी वास घेऊन पाहावं.

जपानात एका चित्रामागे चार माणसं असत : चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक. वन बीएचकेत चौघंही तुम्हीच. प्रकाशकाचं, म्हणजे पैसे घालण्याचं काम सगळ्यात आधी सुरू होतं.

ते लोक रानचेरीची फळी कोरत. ती टिंबर मार्टात मागितलीत तर दुकानदार तुम्हाला केकच्या दुकानाचा पत्ता देईल. गुळगुळीत प्लायवुड घ्या. सागवान नको, ते तेलकट, पाण्यातला रंग नीट धरत नाही. घरातल्या पोळपाटाकडे तर बघूसुद्धा नका. कोरायला बारीक पटाशी, रंग पसरायला बूटपॉलिशचा नवा ब्रश, रंगात मिसळायला तांदळाच्या पिठाची खळ. खळ जपानी लोकही वापरतात, तेव्हा कमीपणा वाटून घेऊ नये. छापताना कागद मागून घासायला त्यांच्याकडे बांबूच्या सालात गुंडाळलेली चपटी चकती असते. तुमच्याकडे आमटीचा डाव आहे.

कागद हाताने बनवलेला आणि दमट हवा. पावसाळ्यात तो आपोआप दमट होतो, आणि आपोआप बुरशीही धरतो. म्हणून ओले केलेले कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायचे. कोथिंबिरीशेजारी हे काय आलं, याचं उत्तर आधीच तयार ठेवा.

आता कोरणं. ठशावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं. डोंबिवलीहून ठाण्याला जाताना खाडी उजव्या हाताला असते. दिसली तशीच कोरलीत तर कागदावर ती डावीकडे जाईल आणि ऑफिसला निघालेली लोकल कर्जतकडे धावेल. तेव्हा चित्र पातळ कागदावर काढा, तो पालथा घालून चिकटवा आणि मग पटाशी उचला. प्रत्येक रंगाला वेगळी फळी लागते. प्रत्येक फळीच्या त्याच एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच काठावर पुढे एक सरळ खाच ठेवा. प्रत्येक रंगाच्या वेळी कागद या दोन खाचांना टेकला नाही, तर डोंगर खाडीत उतरतो.

सगळ्यात अवघड भाग धुक्याचा, कारण ते कोरायचंच नसतं. हिरोशिगेचं मिशिमाच्या मुक्कामाचं चित्र बघा. पुढचे प्रवासी रेघेनिशी स्पष्ट आहेत. मागची माणसं नि झाडं यांना बाह्यरेषाच नाही, नुसत्या फिकट सावल्या. आपल्याकडे नवशिक्याचा हात इथेच थांबत नाही. तो डोंगरावरचं देऊळ कोरतो, मग पायऱ्या, मग टॉवर, मग टॉवरच्या खिडक्या. खिडक्या मोजता आल्या की धुकं संपलं.

डोंगराच्या ठशावर ओलं फडकं फिरवा. माथ्याच्या काठाला निळा रंग आणि थेंबभर खळ ठेवा. ब्रश आडवा धरून माथ्यालगत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. खाली येता येता रंग पाण्यात विरला पाहिजे. माथा गडद आणि पायथा नाहीसा, एवढं साधलं की त्या कोऱ्या कागदालाच लोक धुकं म्हणतात. ब्रश दोनदा जास्त फिरला तर मात्र चिखल. जपानी भाषेत या करामतीला ‘बोकाशी’ म्हणतात. शेजाऱ्यांसमोर हा शब्द एकदा तरी टाकावा.

ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो घालायचे असतील तर गुलाबी अगदी फिका ठेवा. २०२०च्या फेब्रुवारीत डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता झाला होता, तो गुलाबी चालणार नाही. २०१४च्या जानेवारीत इथेच पडलेला हिरवा पाऊस तर छापूच नका. जपानी माणसाला तो कल्पनाविलास वाटेल.

पहिल्या चार-पाच प्रती वायाच जातात, कारण लाकूड आधी स्वतः रंग पिऊन घेतं. त्या रद्दीत द्या, पण वाळवून. ओली रद्दी कोणी घेत नाही.