सरळ जाऊ नये : इनडोअर बोल्स क्लबात टिकून राहण्याची मार्गदर्शिका

(इंग्लंडात नोकरी करून नुकत्याच निवृत्त झालेल्या मराठी सज्जनांसाठी. सन्नारींना यातले बरेचसे उपजत येते.)

ऑक्टोबर सुरू झाला, बाग मिटली, मुले आपापल्या गावी आहेत आणि घरातून "आजही दिवसभर घरीच का?" अशी प्रेमळ विचारणा होऊ लागली, की गावाबाहेरच्या त्या बिनखिडक्यांच्या मोठ्या शेडकडे मोर्चा वळवावा. आत हिरवा गालिचा अंथरलेला असतो. त्यावर सहा-आठ पट्टे आखलेले असतात, त्यांना रिंक म्हणतात. बाहेर गवतावरचे बोल्स उन्हाळ्यात चालते, हे हिवाळ्यात. हंगाम साधारण एप्रिलपर्यंत असतो.

खेळ तासाभरात समजतो. पांढरा किंवा पिवळा छोटा जॅक दूर सोडायचा आणि आपले मोठे चेंडू त्याच्या जवळ नेऊन थांबवायचे. ज्याचा जवळ, त्याचा गुण. क्लब समजायला मात्र तीन हंगाम लागतात. त्यासाठीच हा मार्गदर्शनाचा प्रपंच. मूलतत्त्व एकच आहे : येथे चेंडू सरळ जात नाही, आणि जो माणूस सरळ जातो त्याला पुढच्या आठवड्यात संघात घेत नाहीत.

१. पूर्वतयारी

थोडा इतिहास पाठ असावा. पाहुण्या संघाशेजारी बसून चहा घेताना तो लागतो. आठव्या हेन्रीच्या राज्यात १५४१ साली कायदा झाला, की मजूर, कारागीर, नोकरचाकर यांनी नाताळ सोडून एरवी बोल्स खेळू नये. तो १८४५ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होता. आपण खेळतो ती एके काळी बंदी असलेली चैन आहे, या जाणिवेने गुडघेदुखी कमी होते.

१५८८ साली स्पॅनिश आरमार दिसू लागले तेव्हा सर फ्रान्सिस ड्रेक प्लिमथला बोल्स खेळत होता आणि डाव संपवूनच तो लढाईला गेला, ही कथा आपल्याला सांगितली जाईल. तिला त्या काळातला पुरावा सापडत नाही. ही माहिती स्वतःपाशी ठेवावी. क्रिकेटवर वाढलेल्यांनी डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेसचा आधार घ्यावा. तोच तो दाढीवाला ग्रेस १९०३ साली इंग्लिश बोलिंग असोसिएशनचा पहिला अध्यक्ष झाला, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये छपराखालचे बोल्स सुरू करण्यातही त्याचा हात होता.

आपण भारतीय आहोत हे कळताच कोणीतरी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेचा विषय काढेल. त्या स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून सुवर्णपदक जिंकले. ही चार नावे मुखोद्गत हवीत. सामना गवतावर झाला होता, चौघींपैकी कोणीही आपल्या नात्यातली नाही आणि आपल्याला त्या दिवशी जॅक म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. तरीही अभिनंदन मान खाली घालून स्वीकारावे.

२. साहित्य

बूट टाचेविना, सपाट तळव्याचे. टाच उमटली तर गालिच्याचे काय होते हे सांगायला एक सभासद दाराशी बसलेला असतोच. पँट करडी, सदरा पांढरा किंवा क्लबच्या रंगाचा.

चेंडूला जुने सभासद 'वुड' म्हणतात. पूर्वी ते लिग्नम व्हिटी या जड लाकडाचे असत. आता ते कृत्रिम पदार्थाचे असतात, तरी नाव तेच. आकार ०० पासून ५ पर्यंत असतात, वजन जास्तीत जास्त १.५९ किलो. दोन्ही हातांचे अंगठे आणि मधली बोटे वुडभोवती एकमेकांना टेकली तर तो आकार आपला. एवढे करूनही तीन सभासद तीन वेगळे आकार सुचवतील. तिघांचेही आभार मानावेत आणि क्लबच्या कपाटातला, कोणीच न सुचवलेला संच वापरावा.

विकत घ्यायचाच झाला तर नोटीसबोर्डावर नजर ठेवावी. 'चार वुड, बॅगेसह, एकाच मालकाने वापरलेले' अशी चिठ्ठी दर हंगामात लागते. मालक स्वतः का विकत नाही, हे विचारू नये.

३. वुड सोडणे

वुडची घडण एका बाजूला मुद्दाम असमान ठेवलेली असते. त्यामुळे वेग कमी होत जातो तसा तो त्या बाजूला वळत जातो. यालाच बायस म्हणतात. म्हणून जॅककडे पाहून सोडलेला वुड जॅककडे जात नाही. कुठेतरी भलतीकडे नेम धरावा, मग तो वाटेत विचार बदलतो. आयुष्यभर 'मुद्द्याचे बोला' म्हणणाऱ्यांना हे जड जाते. ज्यांनी सासरी चार दिवाळ्या काढल्या आहेत त्यांना पहिल्याच दिवशी जमते.

वुडच्या एका अंगाला छोटे चिन्ह असते, दुसऱ्याला मोठे. छोटे चिन्ह आतल्या बाजूला हवे. ते बाहेर राहिले की वुड उलटा वळतो, शेजारच्या रिंकवर जातो, आणि तिथे नाजूक मोजमाप करत बसलेल्या माणसाच्या घोट्याजवळ थांबतो. अशा वेळी अख्खी शेड एका सुरात 'राँग बायस' म्हणते. हात वर करून माफी मागावी. प्रत्येक जण सांगेल की आपल्याकडून असे कधी झाले नाही. प्रत्येकाकडून झालेले असते.

गालिच्याच्या वेगाबद्दल चर्चा निघाल्यास सावध राहावे. साधारण २७ मीटरवर थांबेल असा सोडलेला वुड किती सेकंदांत पोचतो, यावरून वेग ठरतो. इंग्लंडच्या ओलसर गवतावर दहा-अकरा सेकंद लागतात, आतल्या गालिच्यावर त्याहून बरेच जास्त. आणि जास्त सेकंद लागणारा गालिचा 'फास्ट' समजला जातो, कारण तिथे घर्षण कमी, म्हणून वुड हलक्या हाताने सोडावा लागतो, म्हणून तो रमतगमत पोचतो. हे एकदा समजून घ्यावे आणि पुन्हा कधीही कोणाला समजावू नये.

४. पायऱ्या

चौघांच्या संघात लीड, सेकंड, थर्ड आणि स्किप असे चार असतात. प्रत्येकी दोन वुड, एकवीस एंड (सगळ्यांचे वुड एकदा टाकून झाले की एक एंड). नवख्याला लीड करतात. त्याने मॅट अंथरायची, जॅक सोडायचा, आपले दोन वुड टाकायचे आणि त्यानंतर मत असू द्यायचे नाही. सेकंडला मत असते, पण विचारले जात नाही. थर्ड विरुद्ध संघाच्या थर्डबरोबर वाकून गुण ठरवतो. एकमत झाले नाही तर खिशातून मोजपट्टी निघते. अशा वेळी दोघांच्या चेहऱ्यावर जो गंभीर भाव येतो, तो फक्त बांधाच्या मोजणीलाच पाहायला मिळतो. स्किप पलीकडच्या टोकाला उभा राहून हातवारे करतो. ते समजले नाहीत तरी मान हलवावी. त्याप्रमाणे वुड पडणार नाही, हे दोघांनाही माहीत असते.

जॅकला स्पर्श करून गेलेल्या वुडला खडूची खूण मिळते. त्याला टचर म्हणतात. पुढे तो टोकाच्या खाचेत पडला तरी जिवंत मानला जातो. टचर मिळाला तर आनंद चेहऱ्यावर दिसू देऊ नये. घरी फोन करावा.

५. बोलण्याची रीत

क्लबात वाईट वुडला वाईट म्हणत नाहीत. त्याच्यातला जो एक गुण शिल्लक असेल त्याचे कौतुक करतात. उरलेले आपण समजून घ्यायचे.

'गुड लाइन' : दिशा बरोबर होती. वुड निम्म्यात थांबला.

'गुड वेट' : अंतर बरोबर होते. वुड शेजारच्यांच्या पाहुणचाराला गेला.

'बॅक वुड कामाला येईल' : जॅकच्या पुष्कळ पलीकडे गेला. कामाला येणार नाही.

'अनलकी' : नशिबाचा काही संबंध नव्हता.

'तुमचा हात आज बसला नाही' : हात कधीच बसलेला नाही.

आपला भरकटलेला वुड दुसऱ्याच्या वुडवर आपटून वळला आणि जॅकला जाऊन बिलगला, तर लगेच 'सॉरी' म्हणावे. खेद वाटू देऊ नये. समोरचा 'हेही मोजतात' असे हसून म्हणेल. त्याला ते हसणे बरेच महाग पडलेले असते, म्हणून त्याच्याकडे फार वेळ पाहू नये.

६. स्पर्धा

नोव्हेंबरात नोटीसबोर्डावर क्लब चॅम्पियनशिपचा तक्ता लागतो. खेळाडू तो एकटे असताना वाचतात आणि कोणी आले की शेजारचे सहलीचे पत्रक वाचू लागतात.

प्रत्येक फेरीला शेवटची तारीख असते. बहुतेक ठिकाणी वरचे नाव ज्याचे, त्याने फोन करून दिवस सुचवायचा. खरी पहिली फेरी हीच. तुम्ही मंगळवार म्हणाल, तर त्यांचा नातू येणार असतो. गुरुवारी मोतीबिंदूची तपासणी असते. पुढच्या आठवड्यात ते जहाजाच्या सफरीवर असतात. दोन घरांनी दोन पंचांगे घेऊन मुहूर्त काढावा तसे हे चालते, आणि मुदत टळली तर एकाला न खेळता पुढची फेरी मिळते. काही मान्यवरांनी अशा रीतीने उपांत्य फेरी गाठलेली आहे. त्यांच्या फोनवरच्या खेळाचा अभ्यास करावा.

एकेरीत दोघांनाही चार-चार वुड, आणि जो आधी २१ गुण करेल तो जिंकतो. ऐंशीच्या घरातला, वाकता येत नाही म्हणून काठीसारख्या चिमट्याने वुड सोडणारा प्रतिस्पर्धी मिळाला तर मनातल्या मनात पुढच्या फेरीचा विचार करू नये. त्याच्याविरुद्ध आपले पाच गुण झाले तर ती समाधानकारक कामगिरी समजावी. पाइप ओढणाऱ्या डेव्हिड ब्रायंटने १९७९ साली कोटब्रिजला पहिली जागतिक इनडोअर स्पर्धा जिंकली, ती त्या गृहस्थांनी टीव्हीवर पाहिलेली असते आणि तेव्हापासून त्यांचा सराव चालू असतो.

भिंतीवरच्या लाकडी फलकावर विजेत्यांची नावे सोनेरी अक्षरांत असतात. तीच चार आडनावे पुन्हा पुन्हा दिसतील. फलकावर पुढे किती जागा उरली आहे ते मोजू नये. लोक बघत असतात.

७. मार्कर होणे

एकेरी सामन्याला मार्कर लागतो. हे काम नाकारू नये. माणसाच्या स्वभावाची याहून कठीण परीक्षा इंग्लंडात दुसरी नाही. मार्करने जॅक मध्यावर आणायचा, गुण मांडायचे, आणि विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यायचे. "माझा वुड शॉट आहे का?" (म्हणजे जॅकच्या सर्वांत जवळ आहे का) असे विचारले तर "नाही" म्हणावे. "पण अगदी थोडक्यात हुकला, आणि खरे म्हणजे बॅकहँडने गेलात तर" हे मनात ठेवावे. चार लोक एकत्र आले की ज्या समाजात न विचारता पाच सल्ले मिळतात, त्या समाजातून आलेल्याला पहिल्या दहा एंडांत घाम फुटतो. अकराव्या एंडला एक विलक्षण शांती मिळते. काही जणांनी ही पद्धत घरी करून पाहिली. परिणाम उत्तम आले, पण प्रश्न येणेच बंद झाले.

८. चहा, सँडविच आणि रॅफल

पाहुण्या संघाशी मैत्रीचा सामना झाला की जेवण, मग दोन्ही कर्णधारांची भाषणे. भाषणात स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आभार मानायचे असतात. ते विसरणाऱ्या कर्णधाराला पुढच्या सामन्यात थंड चहा मिळतो आणि तक्रार करायला जागा राहत नाही.

रॅफलची तिकिटे पट्टीने घ्यावीत. बक्षिसे सभासदांनीच आणलेली असतात : वाइनची बाटली, बिस्किटांचा डबा, आंघोळीचे सुगंधी साबण. साबण कोणी उघडत नाही. ते हंगामभर या घरातून त्या घरात फिरतात आणि मार्चमध्ये मूळ देणाऱ्याकडे पोचतात. त्याने आश्चर्य दाखवावे.

कौतुकापोटी चिवडा नेण्याचा मोह होईल. न्यावा, मात्र बारच्या टेबलापलीकडे जाऊ देऊ नये. गालिच्यावर खाणेपिणे वर्ज्य आहे, आणि शेवेच्या एका कणावर वुडने दिशा बदलली तर पुढची दहा वर्षे प्रत्येक हुकलेला वुड तुमच्या नावावर जमा होईल.

९. बढती

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी आपल्याला खेळ थोडा जमू लागतो. क्लबच्या अनुभवी नजरेतून हे सुटत नाही, आणि आपल्याला खेळापासून दूर नेण्याच्या हालचाली सुरू होतात. आधी बारची पाळी, मग तक्ता लिहिण्यात मदत, मग थेट स्पर्धा सचिवपद. स्पर्धा सचिव हा क्लबातला सर्वांत आदरणीय माणूस. त्याला सगळे फोन करतात. कोणाचे जहाज कधी परतणार आणि कोणाचा मोतीबिंदू कोणत्या डोळ्यात आहे, हे त्याला माहीत असते. हातात वुड घेतलेला मात्र तो कोणाच्या आठवणीत नसतो.

हे टाळायचे तर वार्षिक सभेला जाऊ नये, असे नवख्याला वाटते. हा सरळ विचार झाला, म्हणून चुकीचा. गैरहजर माणूस तिथे टाळ्यांच्या गजरात बिनविरोध निवडून येतो. सभेला वेळेआधी जावे, हीटिंगच्या खर्चावर दोन लांबलचक प्रश्न विचारावेत, तिसऱ्यासाठी हात वर धरून ठेवावा. ज्याला सभा लवकर संपवायची आहे असा कोणताही अध्यक्ष अशा माणसाला समितीत घेत नाही. पुढच्या मंगळवारी दुपारी दोनच्या सत्रात आपले नाव यादीत असेल, लीड म्हणून.