अल्ट्रा सेटिंग

काही लोक गेम खेळतात, काही नुसते बघतात. माझा हा मित्र गेम तपासतो. नवा गेम आला की नायकाला भिंतीला नाक लावून उभा करायचा आणि विटांचा पोत न्याहाळायचा. मागून राक्षस येऊन मारतो, तर मारो. "सावलीची कड बघ, मऊ आहे की नाही?" आपण हो म्हणायचं. आपल्याला फक्त राक्षस दिसलेला असतो.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं त्याचं आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड दीड लाखाच्या घरातलं. "ऑफिसच्या कामाला लागतं," असं घरी सांगितलंय. गेम मात्र सेलमध्येच घेणार. ४,९९९ रुपये म्हणजे दिवसाढवळ्या लूट!

२०१८च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये जाहिरातीतली डबकी कमी केली, म्हणून ओरडणाऱ्यांत हा पुढे. कंपनीने नंतर फोटो मोडमध्ये डबक्यांचे स्टिकर दिले, तो टोमणा त्याला कळलाच नाही. 'रेड डेड रिडेम्प्शन २'मध्ये थंडीत घोड्याचे वृषण आकसतात, हे तर तो आलेल्या पाहुण्यांनाही सांगतो.

ते कुणीतरी पगार घेऊन आकसवलेले असतात, असं मी एकदा म्हणून पाहिलं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर. २०२३मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाच्या कागदावर आकडा झाकणारी काळी शाई नीट फासली गेली नाही, म्हणून तो जगाला कळला. एवढा पैसा जातो कुठे? बहुतेक माणसांवरच. शेकडो जण, पाच-सहा वर्षं, दर महिन्याचा पगार. चित्र जितकं बारीक तितके हात जास्त, आणि झालेला फरक भिंग घेऊन शोधायचा. असा एखादा गेम आपटला की माणसं घरी.

"वाईटच रे," तो हळहळला. "पण या हिरोइनचे केस बघ ना, प्लॅस्टिकचे वाटतात."

पुढची त्याला काळजी नाही. आता गेमच्या दोन फ्रेममधल्या जास्तीच्या फ्रेम एआय स्वतःच रंगवतं. त्यांना तो तुच्छतेने 'खोट्या फ्रेम' म्हणतो आणि सेटिंग चालू ठेवतो.

परवा रात्री त्याच्याकडे गेलो तर साहेब 'बालाट्रो'त गुंग. २०२४चा गेम, जवळजवळ एकट्या माणसाने बनवलेला, नुसते पत्ते. कुठल्याही जुनाट लॅपटॉपवर चालेल. दीड लाखाच्या कार्डाचे पंखेसुद्धा फिरत नव्हते.

"टाइमपास रे," तो ओशाळून म्हणाला. मग राहवेना, मला जवळ बोलावलं. त्यात एक सेटिंग आहे म्हणे, चित्र जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसारखं दिसतं. ती त्याने पार शंभरावर नेली होती.