स्केचोपंत

शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास बेंगळुरूतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र येऊन पडतं. चित्रात लालबागेतलं काचघर असतं. निदान खाली तसं लिहिलेलं असतं. पुढची ओळ ठरलेली: ‘सहज बसल्या बसल्या काढलंय. चुका असणारच. मोकळेपणाने सांगा, बिनधास्त!’ ही ओळ वाचून ग्रुपमधली जुनी माणसं फोन पालथा घालतात. नवी माणसं फसतात आणि मोकळेपणाने सांगतात.

हे आपले स्केचोपंत. हे कुणा एकाचं नाव नाही. बेंगळुरूच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत पाच-सात मराठी घरं असली, की त्यात एक स्केचोपंत निघतोच. कुणी भारत इलेक्ट्रॉनिक्समधून निवृत्त होऊन जालहळ्ळीला राहतात, कुणी व्हाइटफील्डला अजून ‘डिलिव्हरी’ सांभाळतात. बायकांमध्येही ही जात आहे, त्यांना स्केचोताई म्हणावं. मूळ गाव सांगली, सातारा, नाशिक नाहीतर बेळगाव. बेंगळुरूत निम्मं आयुष्य काढून कन्नड भाजी घेण्यापुरतंच येतं, पण ‘हे शहर शहाजीराजांची जहागीर होतं’ हे वाक्य तोंडपाठ असतं, तेही 1638 या सनासकट.

पंतांच्या कलेचं मूळ एलिमेंटरी-इंटरमिजिएटमध्ये आहे. महाराष्ट्रातल्या ज्या मुलाने त्या परीक्षेत बादली, कांदे आणि घडी घातलेलं फडकं काढलं, तो पुढे कुठेही गेला तरी स्वतःला अर्धा चित्रकार समजतो. पंतांना इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड होती. चित्रकलेचे सर घरी येऊन म्हणाले होते, ‘याला जेजेला पाठवा.’ वडिलांनी 1857 सालापासून चालत आलेल्या त्या कलाशाळेबद्दल पूर्ण आदर व्यक्त केला आणि मुलाला इंजिनिअरिंगला घातलं. ही हकिकत पंत चित्र दाखवण्याआधी सांगतात. त्यामुळे चित्र समोर येईपर्यंत पाहणाऱ्याच्या मनात थोडी हळहळ तयार झालेली असते, आणि ती पुढे कामाला येते.

मधली वर्षं कोरडी गेली. मग 2020 साली सगळे घरात कोंडले गेले तेव्हा कुणी केळ्याचा केक केला, कुणी गच्चीत मेथी लावली. पंतांनी माळ्यावरून उंट छाप रंगपेटी काढली. दांडेकरांनी 1931 साली सुरू केलेल्या कॅम्लिनने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांची बोटं रंगवली, त्यातलीच ती. ट्यूबमधले रंग दगड झाले होते. मग खरेदी सुरू झाली. 300 जीएसएमचा, निव्वळ कापसाचा कागद आला. ब्रश आले, घडीची खुर्ची आली, चित्र काढताना घालायची कानटोपीही आली. कागद इतका महाग निघाला, की त्याला रंग लावण्याचा धीर होईना. तो बरेच दिवस कपाटातच राहिला. सराव प्रिंटरच्या कागदावर चालतो. तो पाणी लागताच फुगतो, आणि पंत म्हणतात, ‘जलरंग हे बेभरवशाचं माध्यम आहे.’

आता प्रतिक्रिया. पहिलं ‘अप्रतिम!!’ चित्र डाउनलोड होण्याआधी येतं. ते टाकणारे गृहस्थ कधी चुकत नाहीत. कावेरीचं पाणी दोन दिवस येणार नाही, या निरोपाखालीही त्यांचं ‘अप्रतिम!!’ होतं. मागोमाग टाळ्या वाजवणारे पिवळे हात येतात. मग कुणीतरी विचारतं, ‘फोटो आहे की चित्र?’ ही सर्वोच्च पदवी आहे. ती देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ते चित्र आहे हे लांबून दिसत असतं, पण रिवाज पाळला जातो. एक काकू ‘आमच्या सोनूनेही काढलंय’ म्हणून सोनूचा मोर टाकतात, आणि पुढचा अर्धा तास सगळे मोराचं कौतुक करतात. पंत मोरालाही अंगठा दाखवतात, जरा उशिरा. शेवटी एखादे आजोबा सल्ला देतात, ‘प्रदर्शन भरवा.’ त्या सल्ल्यावर पंत तीन दिवस जगतात.

यातून पंतांना काही शिकायला मिळतं का? मिळतं. चित्राखाली काय लिहावं, ते मिळतं. मजकूर दर आठवड्याला सुधारत जातो. काचघराची कोनशिला 1889 साली राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टरच्या हस्ते बसली, ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून बेतलेलं आहे, मागचा खडक तीनशे कोटी वर्षांचा आहे, हे सगळं त्यात येतं. माहिती अचूक असते. खांब मात्र तिरके असतात.

एकदा ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या एका आर्किटेक्ट मुलीने लिहिलं, ‘काका, छान! फक्त डावीकडचे खांब बाहेर कललेत, आणि सावल्या दोन्ही बाजूंना पडल्यात.’ चार मिनिटांत उत्तर आलं. ‘धन्यवाद. तुमचं निरीक्षण सूक्ष्म आहे. पण...’ या ‘पण’नंतर पंतांची खरी प्रतिभा सुरू होते. खांब फोनच्या लेन्समुळे तसे दिसतात. शिवाय ते मुद्दामच थोडे सैल ठेवलेत, ‘फील’ यावा म्हणून. आणि सावल्यांचं म्हणाल, तर त्या दिवशी लालबागेत ढग होते. ढग असताना दोन्ही बाजूंना सावल्या पडतात कशा, हे त्या मुलीने विचारलं नाही. ती बेंगळुरूत नवी होती. गंमत म्हणजे हाच माणूस ऑफिसात दुसऱ्याच्या दहा ओळींच्या कोडवर वीस शेरे मारतो आणि वर म्हणतो, ‘पर्सनली घेऊ नका.’

खरं कारण वेगळंच होतं. पंत लालबागेत गेलेच नव्हते. काचघर गुगलवरच्या दोन फोटोंवरून काढलं होतं. एक फोटो सकाळचा, एक संध्याकाळचा.

सिएटलचे पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कांपानारियो यांनी 2007 साली ‘अर्बन स्केचर्स’ नावाची चळवळ सुरू केली. जागेवर बसून आपलं शहर काढणाऱ्या हौशी आणि व्यावसायिक लोकांची ती आता जगभर पसरली आहे. तिचा आठ कलमांचा जाहीरनामा आहे. सातवं कलम म्हणतं, चित्रं इंटरनेटवर सगळ्यांना दाखवा. पंत त्या कलमाचं काटेकोर पालन करतात. सहावं कलम एकमेकांना साथ देण्याचं आणि एकत्र बसून काढण्याचं आहे. पहिलं तर अगदीच गैरसोयीचं: जागेवर जा, आणि डोळ्यांना दिसतं ते काढा. त्यासाठी रविवारी सकाळी सहाला उठावं लागतं.

एका रविवारी पंत उठले. त्यात आर्किटेक्ट मुलीचा हात होता. बेंगळुरूला जागेवर बसून चित्रं काढण्याची मोठी परंपरा आहे. ‘पेन्सिलजॅम’सारखे गट इथे अनेक वर्षं शहरभर बसून चित्रं काढतात. कब्बन पार्कात, रसेल मार्केटसमोर, गांधी बझारच्या फुलवाल्यांच्या कडेला मांडीवर वही घेतलेली माणसं दिसली, की समजायचं. त्यांच्याही आधी रुमाले चन्नबसवय्या या चित्रकाराने या शहराची फुललेली झाडं झाडांसमोर उभं राहूनच रंगवली. रशियन चित्रकार स्वेतोस्लाव्ह रोरिख तर अभिनेत्री देविकाराणींसह शहराबाहेर कनकपुरा रस्त्यावर येऊन राहिले. पंत घडीची खुर्ची, दोन बाटल्या पाणी, कानटोपी आणि उपम्याचा डबा घेऊन काचघरासमोर हजर झाले.

खुर्ची उघडेपर्यंत वीस मिनिटं गेली. मग लक्षात आलं, की काचघर मोठं आहे. फोटोत ते फोनमध्ये मावत होतं. समोर बसल्यावर कुठून सुरू करावं ते कळेना. शेजारचा कॉलेजचा मुलगा हात लांब करून पेन्सिलीने खांबाची उंची मोजत होता आणि तीच पेन्सिल आडवी धरून रुंदीशी ताडून बघत होता. पंतांनी हे इंटरमिजिएटला केलं होतं. बादलीसाठी. त्यांनी इकडेतिकडे बघून हळूच हात लांब केला.

दोन तासांनी सगळ्यांनी आपापल्या वह्या जमिनीवर शेजारीशेजारी मांडल्या. अशा बैठकींचा हा शेवटचा विधी असतो. पंधरा-वीस काचघरं एका ओळीत. इथे कुणी ‘अप्रतिम’ म्हणालं नाही, कारण सगळ्यांनी तेच ऊन खाल्लं होतं आणि तीच माशी हाकलली होती. एक निवृत्त कन्नड बँकवाल्या बाई पंतांच्या वहीशी वाकल्या. त्या म्हणाल्या, छताची कमान छान पकडलीये. मग त्यांनी फोनवर पंतांच्या चित्राचा फोटो काढला, त्यातला रंग काढून टाकला आणि फोन पुढे केला. अख्खं चित्र एकाच राखाडी रंगाचं होतं. आकाश, काच, झाडी, लोखंड, सगळं सारखं. शेजारच्या मुलाच्या चित्राचा तसाच फोटो घेतला, तर त्यात काचघर लख्ख उभं होतं. ‘सर, डार्क एल्लिदे?’ बाईंनी विचारलं. कोथिंबीर कुठे आहे, हे विचारण्याइतकं कन्नड पंतांना येत होतं. गडद कुठे आहे, तेही कळलं.

कारण साधं होतं. जलरंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. नवखा माणूस आधीच भीत भीत रंग लावतो, त्यात वाळताना आणखी जातो. बाईंनी उपाय सांगितला. डोळे अर्धे मिटून बघा, म्हणजे रंग मागे पडतात आणि उजेड-सावली तेवढी उरते. काचघरामागच्या झाडीत सगळ्यात गडद हिरवा धीटपणे घाला. काचेला रंगच लावू नका, कागद कोरा सोडा. काच आपोआप चमकेल. एवढंच, बाकी पुढच्या खेपेला.

पंतांनी ‘पण’ म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यांनी ओळीतल्या वह्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या सावल्या एकाच बाजूला होत्या. ढगाचं नाव काढायला जागा नव्हती. त्यांनी उपमा पुढे केला.

पुढच्या शनिवारी ग्रुपवर आलेल्या चित्राखालचा मजकूर वेगळा होता. ‘मागच्या झाडीत गडद पुरतंय का? फक्त तेवढंच सांगा.’ ग्रुप गडबडला. ‘अप्रतिम’वाले गृहस्थ पहिल्यांदाच गप्प राहिले, कारण प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर चित्र बघावं लागत होतं. सोनूची आई मात्र म्हणाली, ‘उजवीकडे पुरतंय, डावीकडे नाही.’ ते खरं होतं. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं, की लोक आपला स्वभाव सांगतात. ‘हा खांब सरळ आहे का?’ असं विचारलं, तर ते खांब बघतात. इतकी वर्षं मंडळी कंजूषपणा करत नव्हती, त्यांना विचारलंच नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी पंत चित्रसंतेला गेले. त्या दिवशी कुमारकृपा रस्त्यावरची वाहनं बंद करतात आणि 1960 साली स्थापन झालेल्या कर्नाटक चित्रकला परिषदेच्या आत-बाहेर गावोगावचे चित्रकार फुटपाथवर चित्रं मांडून बसतात. लोक त्यांच्या तोंडावर बोलतात: ‘घोडा बुटका आहे’, ‘आपल्या सोफ्यावर हा निळा जाईल का?’ चित्रकार ऐकतात, हसतात आणि पाण्याचा घोट घेतात. पंत हे बराच वेळ पाहत होते. त्यांनीही एक पाण्याची बाटली घेतली.

चित्रं आता सुधारली आहेत. खांब उभे राहिलेत, महागडा कागदही फुटला. अडचण एवढीच, की माणूस मत घ्यायला शिकला की द्यायलाही सुटतो. दिवाळीत कुणी फराळाच्या ताटाचा फोटो टाकला, तर पंत लिहितात, ‘चकल्यांमुळे अग्रभाग जड झालाय, करंजी जरा मागे घ्या.’ मुंजीच्या फोटोवर त्यांनी ‘बटूमागे गडद हवं होतं’ असं लिहिल्यावर बटूचे मामा दोन महिने बोलत नव्हते.

मराठी मंडळाने गणेशोत्सवात त्यांना लहान मुलांच्या चित्रकला स्पर्धेचं परीक्षक नेमलं. आयोजकांची अपेक्षा होती, की ते एक फेरी मारून तीन नंबर काढतील. पंत प्रत्येक मुलापुढे मांडी घालून बसले आणि विचारू लागले, ‘यात मी काय बघू?’ एक म्हणाला, सोंड बघा. एक म्हणाली, गणपतीकडे नका बघू, तो बिघडलाय, उंदीर बघा. पंतांनी डोळे अर्धे मिटून उंदीर बघितला आणि शेपटीखाली सावली हवी, असं सांगितलं. तिने तिथल्या तिथे दिली. ते पाहून बाकीच्यांनीही चित्रं परत मागितली. निकाल रात्री साडेनऊला लागला, महाप्रसादाचा मसालेभात गार झाला, आणि पहिला नंबर उंदराला मिळाला. पुढच्या वर्षी पंतांकडे लिंबू-चमच्याची शर्यत दिली. तिथे लिंबू पडलं की पडलं, विचारायचं काही नसतं, असा कार्यकारिणीचा हिशोब होता. पहिल्या फेरीनंतर पंत एका स्पर्धकाला बाजूला घेऊन म्हणाले, ‘वेग छान आहे. फक्त मान.’