स्वखुशीने, खाडाखोड न करता

मा. सेक्रेटरीसाहेब,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, वाई
(संस्थेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ती आपलीच वाटू दे.)



गेल्या रविवारी आपण फ्लॅट विकण्यासाठीच्या ना हरकत दाखल्याचा माझा फॉर्म चौथ्यांदा परत केलात. पहिल्यांदा चेअरमन महाबळेश्वरला होते, दुसऱ्यांदा शिक्का त्यांच्या बॅगेत होता, तिसऱ्यांदा पितृपक्ष होता. चौथं कारण मात्र अस्सल निघालं : खाडाखोड. ‘मी संस्थेच्या इमारत निधीस रुपये एक लाख स्वखुशीने देणगी देत आहे’ या छापील वाक्यातला ‘स्वखुशीने’ एवढाच शब्द मी खोडला होता. लाखाच्या आकड्याला हातसुद्धा लावला नव्हता.

साहेब, ढोल्या गणपतीच्या पेटीत मी अकरा रुपये टाकतो, ती देणगी. एखाद्या संकष्टीला विसरलो म्हणून त्यानं देवळाचं दार अडवून धरलेलं नाही. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचा संसार मांडला, त्या गावात आपण एका शब्दाचा अर्थ जिन्याखालच्या टेबलावर बसून उलटा केलात.

शासनाचा ९ ऑगस्ट २००१ चा आदेश मी छापून आणला होता. फ्लॅट विकताना संस्थेनं घ्यायच्या प्रीमियमला महानगरपालिकेत जास्तीत जास्त २५,०००, ग्रामपंचायतीत ५,०००. आपली नगरपालिका या दोहोंच्या मधली. शिवाय हस्तांतरण फी ५००, नव्या सभासदाची प्रवेश फी १००. देणगी म्हणून वर काही मागायचं नाही. आदर्श उपविधींत तर ना हरकत दाखल्याची गरजच नाही असं लिहिलंय; कुणी मागितलाच तर महिन्याभरात विचार करायचा. बँकेनं मागितला, म्हणून मी मागितला. आपण चष्मा लावून सगळं वाचलंत आणि म्हणालात, “हे मुंबईवाल्यांसाठी असतं.”

पार्किंगच्या पट्ट्यांचे आणि दिवाळीच्या माळांचे मागचे पैसे मी मुकाट भरले, ते असो.

पण माझा फ्लॅट घ्यायला आलेल्या त्या जोडप्याचं काय? पाचगणीच्या शाळेत शिकवणारी दोघं. रोज पसरणी घाट चढायचा-उतरायचा, पण घर वाईत हवं, म्हणून कर्ज मंजूर करून घेऊन आलेली. त्यांना समितीपुढं बसवून आधी आडनाव विचारलंत, मग “मूळचे कुठले?”, मग “तुमच्यात सगळं चालतं का?” स्थळ बघायला बसला होतात का? ती मुलगी मान खाली घालून पर्सची चेन उघडत-मिटत होती. मी शेजारी होतो आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. हलकट प्रश्न होता तो. त्याची थट्टा मला जमत नाही. दाखल्यावाचून त्यांच्या कर्जमंजुरीची मुदत संपली. आता ती भुईंजकडे घर बघतायत.

हे सगळं मी रविवारी तुम्हाला सुनावलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. कपाटातून प्रोसीडिंग बुक काढलंत, २०१४ चं पान उघडलंत आणि माझ्यापुढं सरकवलंत. ‘फ्लॅट विकून जाणाऱ्या सभासदाकडून स्वखुशीची देणगी घ्यावी.’ अनुमोदक म्हणून खाली सही माझी. चांगली ठसठशीत, नावाखाली रेघ ओढलेली.

तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू एकट्या राहिल्या होत्या आणि फ्लॅट विकून मुलाकडं निघाल्या होत्या. त्यांच्या पन्नास हजारांतून गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं आणि माझ्या स्वयंपाकघराची ओल गेली. काकूंनी फॉर्मवर काही खोडलं नव्हतं.

आणि तुम्हाला तरी यातून काय मिळतं? पहाटे साडेपाचला वॉल्व्ह तुम्ही सोडता, टाकी वाहिली की बोलणी तुम्ही खाता. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, तर मानीव अभिहस्तांतरणाची फाइल काखेत मारून साताऱ्याला हेलपाटे तुम्ही एकटे घालता, एसटीचं तिकीटही स्वतःच्या खिशातून. दुरुस्ती निधी महिन्याला दोनशेनं वाढवा म्हणालात, तर आम्ही अठरा जण चहा संपवून सभेतून पसार. राहणाऱ्यांच्या खिशातून दमडी निघत नाही, म्हणून जाणाऱ्याचं बखोट धरायचं. ही युक्ती तुमची नव्हे, आमची. तुम्ही नुसता फॉर्म छापून घेतलात.

तरी एक लाख मी देणार नाही. कायद्यानं बसतो तेवढा प्रीमियम आणि फीचा चेक सोबत जोडलाय. येत्या वार्षिक सभेत दोन ठराव मांडतोय : दुरुस्ती निधी दोनशेनं वाढवावा, आणि काकूंचे पन्नास हजार परत करावेत. सूचक मी आहे. अनुमोदक कुणी मिळतो का, तेवढं तुम्ही बघा.

आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या बँकेसाठी आणखी एक कोरा फॉर्म वर पाठवून द्या. पेन आहे माझ्याकडे.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा, अजून न गेलेला सभासद